पहिला व्हॉल्व्ह अँप बांधताय? सामान घेताना या चुका टाळा

अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेला फोटो येतो. वर्तमानपत्रावर मांडलेले चार-पाच व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या, काचेवर धूळ, आणि खाली प्रश्न: "दादा, जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले. यांचा गिटार अँप होईल ना?" ट्रान्सफॉर्मर कुठला घेतोयस विचारलं की उत्तर येतं, "ते बघू नंतर."

घोळ इथूनच सुरू होतो. व्हॉल्व्ह दिसायला देखणे, पेटले की केशरी उजेड, फोटोही छान येतो. म्हणून प्रत्येकाचा हात आधी तिकडे जातो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे काळं जड लोखंड, त्याच्यावर कुणाचा जीव जडत नाही. पण कुठला व्हॉल्व्ह चालेल, किती व्होल्ट मिळतील, कंडेन्सर कितीचे लागतील, स्पीकर किती ओहमचा, हे सगळं त्या लोखंडावर ठरतं. आधी सर्किट पक्कं करा, मग ट्रान्सफॉर्मर, मग व्हॉल्व्ह. उलट्या क्रमाने खरेदी केलेल्यांच्या घरी व्हॉल्व्हचे डबे भरलेले असतात आणि अँप एकही नसतो.

पहिल्या अँपसाठी सर्किट कुठलं, यावर माझ्याशी वाद घालू नका. फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या गिटार अँपचं ५एफ१. गिटारचा सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर हलवायला एक ६व्ही६, एसीचं डीसी करायला एक ५वाय३ रेक्टिफायर, तिन्ही व्हॉल्व्हच; जेमतेम पाच वॅट. पाच वॅट कमी वाटतात त्याने एकदा फ्लॅटमध्ये वाजवून बघावं, खालच्या मजल्यावरचे काका लगेच वर येतील. पहिल्याच फटक्यात पन्नास वॅटचा मार्शल बांधायला निघालेल्यांना मी आता उत्तर देत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली फट

आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला. त्यात फट ठेवायची राहून जाणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती दिसत नाही आणि माणूस बाकी सगळं बदलत बसतो.

सांगलीचा एक मित्र ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने चॅम्प बांधला, वायरिंग सुबक, माझ्यापेक्षा नीटनेटकं. पण आवाज असा की पातळ तारा ठीक, आणि जाड दोन तारांवर नुसता पोकळ घरघराट. जरा जोरात वाजवलं की फाटायचा. त्याने आधी ६व्ही६ बदलला. मग दुसरा बदलला. मग कपलिंग कंडेन्सर काढून परदेशातले महागडे, नारिंगी रंगाचे मागवून लावले. मग स्पीकरला दोष दिला. शेवटी अँप पिशवीत घालून माझ्याकडे आला.

मी अँप उलटा केला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कडेला टॉर्च मारला. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड म्हणजे 'ई' आणि 'आय' आकाराच्या पातळ पत्र्यांची चळत, तिला स्टॅम्पिंग म्हणतात. इथे स्टॅम्पिंगच्या पट्ट्या एकाआड एक रचलेल्या होत्या: एक 'ई' डावीकडून, पुढची उजवीकडून. कडेवर जोडाच्या रेषा एकदा इकडे, एकदा तिकडे. रोग कळला.

६व्ही६ एकटा असतो तेव्हा त्याचा सगळा डीसी प्रवाह, चॅम्पमध्ये साधारण ४५ मिलिअँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून, अखंड वाहतो. त्याने लोखंड आधीच चुंबकाने भरून जातं. त्यावर गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ८२ हर्ट्झ, आली की लोखंडात जागाच उरलेली नसते. म्हणून अशा एकट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिंगल-एंडेड, ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळे 'ई' एका बाजूने, सगळे 'आय' दुसऱ्या बाजूने रचतात आणि मधल्या जोडात कागदाची पट्टी घालून मुद्दाम फट ठेवतात. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे डीसी एकमेकांना मारतात, म्हणून तिथे फट लागत नाही. वाइंडिंगवाल्या काकांचा यात काही दोष नाही. त्यांचा जन्म स्टॅबिलायझर आणि बॅटरी चार्जर गुंडाळण्यात गेला. तिथे पट्ट्या अशाच घट्ट, एकाआड एक रचतात, आणि फट राहिली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं. आपण सांगितलं नाही तर त्यांनी फट ठेवायचीच का?

सुदैवाने वार्निश कच्चं होतं. स्क्रू काढले, लाकडी हातोडीने ठोकत पट्ट्या सोडवल्या, 'ई' आणि 'आय' वेगळे केले, पुन्हा रचले आणि जोडात साध्या छपाईच्या कागदाची एक पट्टी घातली. तोच व्हॉल्व्ह, तोच स्पीकर. जाड तार छेडली तशी टेबलावरच्या स्क्रूच्या वाटीत स्क्रू नाचले. नारिंगी कंडेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून माझी सवय सांगतो. वाइंडरकडे जाताना तोंडी काही सांगत नाही, कागदावर चित्र काढून नेतो: ई इकडे, आय तिकडे, मध्ये कागद. आणि बजावतो, "काका, वार्निश मारू नका. आधी वाजवून बघतो, मग आणून देतो." थोडे हेलपाटे होतात. ज्यांना हेलपाटे नको असतात ते सार्वजनिक सभेच्या लाउडस्पीकरचा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर लावून बघतात. त्यातही फट नसते. नका लावू.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तो जरूर ठेवा. त्यात फट असते. लोखंड लहान, त्यामुळे बेस कमी, पण घरच्या सरावाला चालतो.

'ई' आणि 'यू' यांतला फरक

मुंबईत चोरबाजार, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, इथे व्हॉल्व्ह अजून सापडतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले, त्यांचे 'बेल' छापाचे ईसीसी८३ (१२एएक्स७ चंच युरोपी नाव) मिळाले तर आनंदाने घ्या. पण नाव पूर्ण वाचा. युरोपी पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेला, काय लागतं ते सांगतं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. 'पी' म्हणजे टीव्हीत ओळीने जोडायचे, ३०० मिलिअँपिअरवाले. 'यू' म्हणजे एसी-डीसी रेडिओतले, १०० मिलिअँपिअरवाले. ईएल८४ ला ६.३ व्होल्ट लागतात, पीएल८४ ला १५, यूएल८४ ला ४५. विकणारा तिन्हींना "एटी-फोर" म्हणतो आणि त्याच्या दृष्टीने तो खोटं बोलत नाही.

नाशिकच्या एका पोराने यूएल८४ अर्धा डझन घेतले. ६.३ व्होल्टवर फिलामेंट लालही होईना. मग याने ट्रान्सफॉर्मर अशक्त आहे असं ठरवून जास्त अँपिअरचा नवीन गुंडाळून घेतला. व्हॉल्व्ह थंडच. डब्यावरचं एक अक्षर वाचलं असतं तर दोन्ही खर्च वाचले असते.

"टेस्टेड आहे" या शब्दाला भुलू नका. बाजारात टेस्ट म्हणजे मल्टिमीटरने फिलामेंट तुटलं नाही एवढं बघणं. त्याने व्हॉल्व्ह जिवंत आहे कळतं, दमलेला आहे की नाही ते कळत नाही. मी आधी काचेच्या आतला चांदीसारखा थर बघतो. चकाकत असला तर घासाघीस करायला हरकत नाही. पांढरा, चुन्यासारखा झाला असेल तर आत हवा शिरलीय, फुकटही घेऊ नका. आणि खरं सांगू? पहिल्या अँपला नवीन बनवलेला ६व्ही६ आणि १२एएक्स७ घ्या. जुन्या मालाचं वेड नंतर लागतंच.

पॉवर ट्रान्सफॉर्मर: अमेरिकेचा नकाशा, आपली वीज

इंटरनेटवरचे सर्किटचे नकाशे बहुतेक अमेरिकन. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०, ५० हर्ट्झ. हौशी लोक तिकडून १२० चा ट्रान्सफॉर्मर मागवतात आणि मध्ये स्टेप-डाउन लावतात. स्टेप-डाउनने व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ तेच राहतात. फक्त ६० साठी बनवलेल्या लोखंडावर ५० हर्ट्झला चुंबकाचा भार वीस टक्के वाढतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. मागवायचाच तर ५०/६० हर्ट्झ, २३० किंवा २४० व्होल्ट असं लिहिलेलाच मागवा. वजनामुळे कुरिअरचा आकडा बघून घाम फुटेल, म्हणून मी इथेच गुंडाळून घेतो.

दुसरी गोची रेक्टिफायरची. ५वाय३ सापडत नाही, मग कुणीतरी सांगतं, "त्यात काय, दोन ४००७ डायोड टाक." चॅम्पच्या नकाशात ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे बाहेर येणारी बाजू, ३२५-०-३२५ आहे. ५वाय३ बरेच व्होल्ट स्वतःच खातो. डायोड काहीच खात नाही: ३२५ गुणिले १.४१ म्हणजे साधारण ४६०. व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत लोडही नसतो, त्यामुळे पूर्ण ४६० फिल्टर कंडेन्सरवर. संध्याकाळी वीज २४५ झाली तर ४९०. कंडेन्सरवर छापलंय ४५०. शिवाय प्रत्येक डायोडला उलट्या दिशेने दुप्पट, म्हणजे ९०० च्या वर सोसावे लागतात आणि ४००७ ची मर्यादा हजार. डायोडच वापरायचे तर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा घ्या, म्हणजे ३५० च्या आसपास राहाल, आणि प्रत्येक बाजूला दोन डायोड ओळीने.

वाइंडरला देतो तो कागद असा: प्रायमरी ०-२३०-२५०. हाय टेन्शन (व्हॉल्व्हचे मोठे व्होल्ट) २५०-०-२५०, १२० मिलिअँपिअर. फिलामेंट ६.३ व्होल्ट, २ अँपिअर, सेंटर टॅपसह (मधोमध काढलेली तार). ५वाय३ असेल तर वेगळं ५ व्होल्ट, २ अँपिअर, आणि हाय टेन्शन नकाशाप्रमाणे. ६.३ हे लोडवर, म्हणजे व्हॉल्व्ह लावलेले असताना, हवेत हे अधोरेखित करतो. १२एएक्स७ चे ०.३ आणि ६व्ही६ चे ०.४५, मिळून पाऊण अँपिअरच लागतो. "जास्त असलेलं बरं" म्हणून दहा अँपिअरचं जाड वाइंडिंग करून घेतलं की हलक्या लोडवर व्होल्ट सात होतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

किरकोळ, पण रोजच्या

फिल्टर कंडेन्सर जुन्या रेडिओतून काढून लावू नका. कपलिंगचे आणि इलेक्ट्रोलिटिक दोन्ही नवीन घ्या, वाहत्या दुकानातून. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ४५० व्होल्टचे मिळतात. अर्ध्या किमतीत, दुप्पट आकड्याचे आणि बोटाएवढे छोटे मिळाले तर दुकान बदला.

सॉकेट पीसीबीचे, म्हणजे छापील बोर्डावर बसणारे, घेऊन येतात आणि मग पत्र्यावर बसत नाहीत. चॅसिस-माउंट, सिरॅमिक, असं म्हणून मागा. १२एएक्स७ ला नऊ पिनी, ६व्ही६ ला ऑक्टल.

व्हॉल्यूमच्या बटणाला लॉग प्रकारचा पॉट (पोटेन्शिओमीटर). लीनियर लावला की एक ते दोनमध्येच सगळा आवाज येतो.

घरातल्या वायरिंगची उरलेली पीव्हीसी वायर नको. सोल्डर लावताच कव्हर वितळून मागे सरकतं. ६०० व्होल्टची टेफ्लॉन वायर घ्या.

रेझिस्टर सरसकट अर्ध्या वॅटचे, जिथे नकाशात जास्त लिहिलंय तिथे जास्त. कार्बन कंपोझिशनचा "जुना गोड आवाज" शोधत फिरू नका. त्यांचा सूंऽऽ आवाज मात्र नक्की येतो.

स्पीकर गिटारचा घ्या, आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या ओहमचाच. म्युझिक सिस्टीमचा वूफर लावून "अँप मंद वाटतो" म्हणणाऱ्यांनी अँपला नावं ठेवू नयेत. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

तीन पिनी प्लग आणि पत्र्याला पक्कं अर्थिंग. जुन्या नकाशात दोन पिना दाखवल्या असतील तरी.

एक वस्तू कुणाच्याच यादीत नसते: सीरिज बोर्ड. अँप पहिल्यांदा चालू करायचा तो ओळीत ६० वॅटचा बल्ब लावून, व्हॉल्व्ह न घालता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर त्या बल्बाने वाचवला. बंद केल्यावर हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामा करायचा: १०० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांवर, एक हात खिशात, आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं. ३५० व्होल्ट डीसी माणूस मारतो. "एवढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्याला मी माझ्या टेबलाजवळ उभं करत नाही.

बल्ब मात्र जुना, तारेचा हवा. एलईडी चालत नाही. आता तो मिळणंही अवघड होत चाललंय, तेव्हा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे दिसला तर दोन घेऊन ठेवा.