लक्षणांआधीचा धमनीरोग : दीर्घकालीन अभ्यासात या चुका टाळा

धमनीकाठिण्याच्या, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचण्याच्या, अभ्यासात नव्याने आलेला सहकारी पहिल्याच आठवड्यात "निष्कर्ष कधी?" असे विचारतो, तेव्हा मी त्याला अमेरिकेतील 'मेसा' अभ्यास वाचायला देतो. तेथे २००० ते २००२ या काळात ४५ ते ८४ वयाच्या, हृदयविकाराचे निदान न झालेल्या ६,८१४ जणांची नोंदणी झाली आणि त्यांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मोजमापाचे साधन मध्येच बदलणे. मी काम केलेल्या एका प्रकल्पात तिसऱ्या वर्षी नवे सोनोग्राफी यंत्र आले आणि मानेतील कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी चक्क घटलेली दिसू लागली. आहारसल्ल्याचा गुण आला, असे सांगणारी स्लाइडही एका उत्साही सहकाऱ्याने तयार केली. जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवल्यावर कळले, की नवा तंत्रज्ञ हृदय आकुंचन पावताना, म्हणजे धमनी ताणून भिंत पातळ झालेली असताना, मोजत होता. ही जाडी वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास वाढते. एवढ्याशा फरकात यंत्राचा दोष किती आणि हाताचा किती, हे ठरवायला जुने यंत्र हवे होते, आणि ते तोवर विकले गेले होते. त्या वर्षाची मोजमापे बाजूला ठेवावी लागली. 'मेसा'मध्ये केंद्रागणिक सीटी यंत्रे वेगळी होती, म्हणूनच प्रत्येक सहभागीसोबत ठरावीक कॅल्शियम असलेला नमुनाही स्कॅन केला जात असे. माझी सवय साधी आहे : निदान वीस जणांची दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी तपासणी झाल्याशिवाय जुने यंत्र मी हलवू देत नाही.

कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे सीटी स्कॅनवरून केलेले मोजमाप, शून्य आला म्हणजे धमन्या स्वच्छ, हा दुसरा आवडता गैरसमज. या गणनेत १३० हाउन्सफिल्ड एककांहून (सीटीवरील घनतेचे माप) कमी घनतेचे काहीच धरले जात नाही, त्यामुळे मऊ थर निसटतो. उलट स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेणाऱ्यांत थर घट्ट होऊन स्कोअर वाढू शकतो. तो पाहून औषध निकामी ठरवण्याची घाई करू नये.

'मेसा'चे कॅल्शियम स्कोअरचे तक्ते भारतीयांना सरसकट लावू नयेत, कारण त्यात दक्षिण आशियाई गटच नव्हता; तेवढ्यासाठी २०१० मध्ये 'मसाला' हा वेगळा अभ्यास सुरू करावा लागला.

गैरहजर सहभागींना यादीतून वगळू नये, कारण अनेकदा आजारी पडलेलेच येत नाहीत; मी नोंदणीच्या दिवशीच दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक लिहून घेतो.