मालदांडीच्या शेजारी नवं वाण पेरून बघताना

मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी सोलापूर जिल्ह्यात अजून टिकून आहे, ती दाण्याच्या उताऱ्यावर नाही. भाकरीची चव, मोत्यासारखा दाणा आणि जनावरं आवडीनं खातात असा कडबा, या तिन्हींवर. म्हणून दोन-चार एकरवाल्यानं सुधारित वाण जोखताना नुसतं ‘एकरी किती क्विंटल’ विचारलं, तर हिशेब चुकतो.

आधी जमीन बघा. पहारीनं तीन-चार ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. एक फुटाच्या आत लागला तर रान हलकं, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याखाली भारी. सुधारित वाणांपैकी हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. पाण्याची सोय असलेल्या भारी रानाला फुले रेवती. नवं वाण नापास ठरण्याची बरीच कारणं इथंच असतात. भारी रानाचं वाण हलक्यावर पेरलं की दाणा भरायच्या वेळी ओल संपते आणि दोष बियाण्यावर येतो. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत येते, म्हणून ती ओल सरायच्या आत सुटते.

पहिल्या वर्षी सगळं रान नव्या वाणाखाली घालू नका. मालदांडी, नवं वाण, पुन्हा मालदांडी असे शेजारी-शेजारी तीन पट्टे पेरा. पेरणी उताराला आडवी असते, त्यामुळे वरचा पट्टा हलक्या मातीत आणि खालचा भारीत पडतो. दोन्ही बाजूंना मालदांडी असली की तिच्या सरासरीशी तुलना सरळ होते. पट्टा किमान आठ-दहा ओळींचा हवा.

बियाणं एकरी ४ किलो. पिशवीवरचा टॅग बघा: प्रमाणित बियाण्याचा निळा, पायाभूतचा पांढरा. तरीही १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७५ च्या खाली उगवले तर ते बी परत करा. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होणारा रोग) येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम ३०० मेश, म्हणजे बारीक भुकटीचं, गंधक चोळा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ओळीत ४५ आणि रोपांत १५ सेंटिमीटर. मध्यम कोरडवाहू रानात एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट दोन चाड्यांच्या (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या) पाभरीनं पेरतानाच द्या. तिन्ही पट्ट्यांना दिवस, खत, कोळपणी सारखंच. नव्याचे लाड म्हणून त्याला जास्त युरिया टाकला, तर तुलना गेलीच. शिवाय दाट पीक, जादा नत्र आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण एकत्र आले की खडखड्या रोग येतो. ताटं बुडाशी मोडतात, आत काळी भुकटी दिसते, आणि दाण्याबरोबर कडबाही जातो.

एक फसगत ठरलेली: नवं वाण आठ-दहा दिवस लवकर पक्व झालं, तर शिवारातली सगळी पाखरं त्याच पट्ट्यावर उतरतात. तिथं राखण केली नाही तर उतारा खोटा कमी दिसतो.

काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या ४ ओळी, १० मीटर लांब मोजून कापा. हे १८ चौरस मीटर होतात, आणि एकरात असे सुमारे २२५ तुकडे बसतात. कणसं वाळवून, मळून दाणे तोला आणि किलोला २२५ नं गुणा, एकरी उतारा निघतो. ३ किलो भरले तर पावणेसात क्विंटल. त्याच तुकड्यातला कडबा पेंढ्या बांधून मोजा, तोही त्याच गुणकानं.

आता पैसे. समजा नव्या वाणानं एकरी दीड क्विंटल जास्त दिलं, पण कडबा १५० पेंढ्या कमी पडला, बियाणं-राखणीला ९०० रुपये जास्त लागले. ज्वारी ३,००० रुपये क्विंटल आणि पेंढी २० रुपये धरली तर ४,५०० मधून ३,००० आणि ९०० गेले, उरले ६००. दावणीला जनावरं असतील तर तीच पेंढी चैत्रात २५ ला विकत घ्यावी लागते. मग १५० रुपये अंगावर येतात. ज्याच्या घरी जनावर नाही त्याला तेच वाण परवडतं. (आकडे उदाहरणापुरते, आपल्या बाजाराचा भाव घाला.) कोवळ्या कणसांचा हुरडा जवळच विकता येत असेल तर फुले मधुरचा हिशेब वेगळा, पण तिथं तोडणीची मजुरी मोजायला विसरू नका.

शेवटी दोन्ही ज्वारींची भाकरी घरात थापून बघा. थापताना कडा फाटल्या की दाणा चांगला असूनही बाजारात गिऱ्हाईक परत येत नाही. वाण पसंत पडलं तर पुढचं बी पट्ट्याच्या मधल्या ओळींतून, निरोगी कणसं हेरून ठेवा. ही वाणं संकरित नाहीत, त्यामुळे घरचं बी चालतं. मात्र शेजारच्या ज्वारीचे परागकण मिसळत राहतात, म्हणून तीन वर्षांनी नवं प्रमाणित बी आणा.