डब्यापासून सुरुवात: वस्तूची कल्पना रेखाटनातून कशी मांडावी

ज्या रेखाटनाकडे पाहून पत्र्याचे काम करणारा कारागीर ‘झाकण कुठून उघडणार?’ असे न विचारता थेट मापांवर येतो, ते रेखाटन चांगले, मग ते दिसायला कितीही साधे असो. सरावासाठी तीन पुडांचा स्टीलचा डबा घ्यावा, कारण तो बहुतेक घरांत असतो आणि त्यात दंडगोल, कडी, खिटी व एकमेकांत बसणारे काठ हे सारे एकत्र सापडते.

साहित्य म्हणून झेरॉक्सचे साधे ए-४ कागद आणि एक बॉलपेन पुरते. पेन हलके टेकवले की फिकट रेघ उमटते आणि दाबले की गडद, त्यामुळे मांडणीच्या रेघा व पक्क्या रेघा एकाच पेनाने काढता येतात. खोडरबर मात्र सुरुवातीला दूर ठेवावे. ते हाताशी असले की हात बिचकत चालतो. कागदावर दोन ठिपके देऊन, पेन न टेकवता खांद्यापासून हात दोन-तीनदा त्या मार्गावरून फिरवावा आणि मग नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेवून एका दमात रेघ ओढावी. केवळ मनगटातून ओढलेली लांब रेघ हमखास वाकते.

खरी परीक्षा आहे लंबवर्तुळाची. डब्याचे तोंड गोल असले तरी तिरकस नजरेला ते लंबवर्तुळ दिसते, आणि नवशिक्याच्या हातून त्याची टोके करंजीसारखी निमुळती होतात. लंबवर्तुळाला टोक कुठेच नसते. दोन्ही बाजूंना वळण अरुंद असले तरी गोलाईच असते. त्याचा लहान अक्ष, म्हणजे आखूड बाजूने मधोमध जाणारी रेघ, नेहमी दंडगोलाच्या मधल्या अक्षावरच पडतो, म्हणून आधी उभा अक्ष फिकट काढावा, त्यावर तिन्ही पुडांच्या उंचीच्या खुणा कराव्यात आणि मगच प्रत्येक खुणेभोवती लंबवर्तुळ फिरवावे. डबा आडवा पडलेला असेल तर अक्षही आडवा होतो आणि लंबवर्तुळे त्याच्याबरोबर वळतात. नजरेच्या पातळीपासून जसजसे खाली जावे तसतशी ती अधिक रुंद होत जातात. म्हणजे वरून पाहिलेल्या डब्याचा तळ तोंडापेक्षा थोडा अधिक गोल दिसला पाहिजे. येथे चूक झाली तर डबा टेबलावर न ठेवता हवेत कलंडल्यासारखा भासतो. दररोज एक पान केवळ लंबवर्तुळांना द्यावे.

चौकोनी वस्तूसाठी क्षितिजरेषेवर, म्हणजे नजरेच्या पातळीवरील आडव्या रेघेवर, दोन बाजूंना दोन लोपबिंदू घेतात; वस्तूच्या समांतर कडा दूर जाताना या बिंदूंत मिळाल्यासारख्या दिसतात. ते जवळजवळ घेतले तर खोका विद्रूप दिसतो, म्हणून बहुधा कागदाच्या बाहेरच कल्पावेत.

आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘सीड’सारख्या, डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही माझे सांगणे हेच, की छायाप्रकाशाकडे वळण्याआधी रेघांची जाडी साधावी. वस्तूची बाह्यरेषा सर्वांत जाड, आणि जिथे दोन्ही पृष्ठभाग दिसतात अशी मधली कड बारीक, एवढ्यानेच वस्तू कागदातून उठून दिसते.

मात्र बाहेरून सुरेख दिसणाऱ्या चित्रातून वरचे पूड खालच्या पुडात कसे बसते ते कळत नाही. त्यासाठी शेजारी छेद काढावा: डबा मधोमध उभा कापला आहे असे समजून काठाची वळलेली कड, तिच्यात बसणारा तळ आणि मधली फट दाखवावी. पत्र्याची जाडी प्रमाणात काढली तर दिसणारच नाही. ती मुद्दाम फुगवून काढावी आणि खरे माप मिलिमीटरमध्ये शेजारी लिहावे. पुडे कोणत्या क्रमाने रचायची ते दाखवायचे असल्यास ती एकाच अक्षावर वर-खाली सुटी करून काढावीत. खिटी कोणत्या दिशेने उघडते ते बाणाने दाखवावे आणि कडी धरणारा हात, निदान चार बोटांच्या ढोबळ आकाराने, जरूर काढावा, कारण हात दिसला की आकारमानाचा अंदाज आपोआप येतो.

रेखाटन पूर्ण झाल्यावर ते अशा माणसाला द्यावे ज्याला कल्पना ठाऊक नाही, आणि आपण गप्प बसावे. तोंडी खुलासा करण्याचा मोह फार होतो, पण तो आवरावा. त्याने विचारलेला पहिला प्रश्न तारखेसह त्याच कागदावर टिपून ठेवावा आणि पुढचे रेखाटन नेमक्या त्या जागेच्या छेदापासून सुरू करावे.