ताज्या बर्फानंतर डोंगरात निघण्याआधी

हिमवृष्टी थांबून लख्ख ऊन पडलं की पाय घरात ठरत नाहीत. पण नव्या बर्फाचं ओझं जुन्या थरांवर नुकतंच येऊन पडलेलं असतं आणि ते थर अजून सावरलेले नसतात. त्यामुळे हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून कोसळण्याच्या, दृष्टीनं पहिले एकदोन दिवस फार नाजूक. वाट आदल्या रात्रीच नकाशा पसरून ठरवा. कोरा शुभ्र उतार समोर आल्यावर डोकं शांत राहत नाही.

त्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा निघत असेल तर तो पूर्ण वाचा, नुसता आकडा पाहून थांबू नका. धोक्याची श्रेणी 1 (सर्वांत कमी) ते 5 (सर्वांत जास्त) असते आणि 3 मधोमध असल्यानं फारसा गंभीर वाटत नाही. पण त्या पातळीला एकट्या माणसाच्या वजनानंही उतारावरचा बर्फ सुटू शकतो, आणि जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा अशाच दिवसांचा असतो. धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर आणि कशामुळे आहे, हे लिहून घ्या. खोल दबलेल्या कमकुवत थराचा उल्लेख दिसला तर बेत सरळ बदला. साखरेसारखे सुटे कण घट्ट थराखाली आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहतात आणि वरून काहीच कळत नाही.

मग हवामान पाहा. चोवीस तासांत 30 सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडला असेल, किंवा तासाला दोन-तीन सेंटिमीटरच्या वेगानं पडला असेल, तर सावध व्हा. वारा कुठून होता? वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर रचतो, त्यामुळे आकाशातून थोडाच बर्फ पडला तरी तिथे बर्फाची जाड, ठिसूळ लादी, म्हणजे एकसंध थर, तयार होते. असे उतार नकाशावर खुणा करून ठेवा. सुरुवातीला हलका, थंड बर्फ आणि शेवटी उबदार, जड बर्फ पडला असेल तर तेही वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उताराचा कोन. बहुतेक लादी-हिमस्खलनं, म्हणजे अशी लादी तुटून घसरणारी हिमस्खलनं, 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. बर्फाची परीक्षा चुकू शकते, कोन मात्र मोजता येतो. म्हणून शंका असेल त्या दिवशी 30 अंशांखालीच राहा, आणि वरही तीव्र उतार लटकलेला नाही ना, ते बघा. सपाटीवर उभं राहूनही वरचा उतार अंगावर ओढवून घेता येतो. अरुंद घळी टाळा. तिथे थोडासा बर्फही माणसाला खोल गाडतो. खड्डा खणून थर तपासता येत असतील तर जरूर तपासा, पण चाचणी चांगली आली म्हणून आधी नाकारलेला उतार स्वीकारू नका. एका जागेचा निकाल दहा पावलांवर खरा असेलच असं नाही.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारं, सिग्नल पाठवणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. ट्रान्सीव्हर अंगावर, सुरू करून, पाठपिशवीत नव्हे. फोन त्यापासून लांब ठेवा. निघताना एकेकाचा सिग्नल तपासा. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते, बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. काढायचं ते सोबत्यांनीच, आणि ते हात आधी सरावलेले हवेत.

वाटेत नुकतंच कोसळलेलं हिमस्खलन दिसलं, पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला, किंवा पावलापासून भेग धावत गेली, तर चर्चा नको. आल्या वाटेनं सौम्य उतारावर परता. जोखमीची जागा ओलांडावीच लागली तर एका वेळी एकच जण जाईल, बाकीचे सुरक्षित ठिकाणी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील.

गटात एकानं जरी नको म्हटलं तरी सगळे परततील, हे निघण्यापूर्वीच मोठ्यानं बोलून घ्या. सर्वांत नवख्या माणसाला आधी विचारा. आणि ठरलेली वाट व परतीची वेळ मागे राहणाऱ्या कुणाकडे तरी लिहून द्या.