पहिली गोळी घेण्याआधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला

फोंड्यात माझी फार्मसी आहे. बांबोळीच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) किंवा मुंबईहून टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट येतात. चिठ्ठीवर बहुतेकदा इमॅटिनिब असतं, कधी डॅसॅटिनिब, कधी निलोटिनिब. तिन्ही औषधं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर चालतात, पण घ्यायची रीत तिन्हींची वेगळी. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने काय सांगितलं, त्यावर जाऊ नका.

औषध सुरू होण्याआधी डॉक्टरकडे जाल तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर अ‍ॅसिडिटीची बाटली, अंगदुखीच्या गोळ्या, काविळीला म्हणून आणून ठेवलेलं गावठी औषध, सगळंच. डॉक्टर रागावतील म्हणून गावठी औषध लपवणारे खूप असतात. कृपा करून लपवू नका. या गोळ्या लिव्हरमधून जातात, आणि लिव्हरवर आधीच कशाचा भार आहे हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

कारण असं, की या औषधांना लिव्हरमधलं एक ठरावीक एन्झाइम फोडतं. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन त्या एन्झाइमचा वेग वाढवते, मग कॅन्सरचं औषध रक्तात पुरेसं उरतच नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक उलट ते एन्झाइम रोखतं आणि औषध रक्तात साचतं. ग्रेपफ्रूटही तेच करतं. माहितीपत्रकातलं ग्रेपफ्रूटचं वाक्य लोक सोडून देतात, कारण ते फळ आपल्या बाजारात फारसं दिसत नाही. पण आपलं पपनस त्याच्याच कुळातलं. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीला, बांधलेलं पपनस चतुर्थीनंतर घरात सोललं, तर पेशंटला त्यातली फोड देऊ नका.

आता जेवणाचं. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ होते. निलोटिनिबच्या कॅप्सूलला नेमकं उलट: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाबरोबर ती रक्तात जास्त जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच ती सुरू करण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघतात. डॅसॅटिनिब घेणाऱ्याने पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल स्वतःच्या मनाने घेऊ नये. पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी नीट शोषली जात नाही.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतातच. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का, ते मात्र तुम्ही स्वतः विचारा. जुना, झोपलेला विषाणू या औषधांमुळे पुन्हा उठू शकतो. बाईमाणसाला दिवस गेले असतील, जाण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते पहिल्या गोळीआधीच सांगायचं. लाजेने गप्प राहण्याची ही जागा नव्हे.

सुरू करण्याच्या सकाळी वजन करून वहीत लिहा. इमॅटिनिबने अंगात पाणी साठतं, डोळ्यांखाली आणि पायांना सूज येते. वजन भराभर वाढलं किंवा दम लागायला लागला तर लगेच फोन करा.

काउंटरवर मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नावांची. इमॅटिनिब बऱ्याच कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. हॉस्पिटलातून एका नावाची स्ट्रिप मिळते, बाहेरून दुसऱ्या नावाची, आणि घरात ती दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली जाण्याचा धोका असतो. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक नाव आणि मिलिग्रॅम वाचा. जमत नसेल तर फार्मसीवाल्याकडून वाचून घ्या, तो त्याचसाठी बसलेला असतो. पावसात गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात. एक डोस चुकला तर पुढचा दुप्पट घ्यायचा नाही.

आणि ताप. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया असतोच, त्यात या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलसुद्धा किती चालेल ते आधीच विचारून ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, आणि जाताना ती पिशवी सोबत घ्या.