परसबागेतील गांधीलमाश्यांचे पोळे: काढावे की राहू द्यावे

लिंबाच्या झाडाला पाणी घालताना पानाआड करड्या रंगाचे, कागदासारखे पोळे दिसले की पहिला विचार ते जाळून टाकण्याचा येतो, आणि नेमके तेच करू नये. पेटत्या बोळ्याने झाड होरपळते, जवळचे गवत किंवा छप्पर पेट घेऊ शकते आणि वाचलेल्या माश्या चवताळून अंगावर येतात.

आधी चार-पाच मीटर अंतरावरून, शांतपणे उभे राहून पोळे कोणाचे आहे ते ओळखावे. भिंतीवरचे मातीचे घरटे कुंभारीण माशीचे असते. ती एकटी राहते, सहसा कोणाला डसत नाही, तेव्हा तिला हात लावण्याचे कारणच नाही. एका देठाला उलट्या छत्रीसारखे लटकलेले, उघड्या षटकोनी घरांचे पोळे कागदी गांधीलमाश्यांचे समजावे. झाडाच्या ढोलीतून किंवा जमिनीतल्या बिळातून काळ्या, पोटावर नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या माश्या ये-जा करताना दिसल्या, तर तेथे स्वतः काहीही करू नये. अग्निशमन दलाला किंवा प्रशिक्षित कीटकनियंत्रकाला बोलवावे.

कागदी पोळे वर्दळीपासून दूर असेल, तर ते राहू द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. या माश्या पानांवरच्या अळ्या पकडतात, त्यांचा चावून गोळा करतात आणि तो आपल्या पिल्लांना भरवतात, त्यामुळे लिंबाची कोवळी पालवी काही अंशी आपोआप राखली जाते. आमच्या वाळलेल्या बांबूच्या कुंपणावर सकाळी एखादी माशी जबड्याने लाकूड खरवडताना दिसते. आजूबाजूला शांतता असेल तर तो बारीक करकर आवाजही ऐकू येतो, आणि ती उडाल्यावर बांबूवर फिकट रेघ उरते. त्याच भुशात लाळ कालवून ती पोळ्याचा कागद तयार करते.

पोळे दाराशी, नळाशी किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल, तर मात्र ते काढावे लागते. ज्याला पूर्वी दंशाची तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्याने या कामात पडू नये. गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी कातडीत रुतून राहत नाही, त्यामुळे एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. डंख झाल्यास तेथून लगेच दूर जावे, बोटातली अंगठी काढावी, जागा साबणाने धुऊन बर्फाने शेकावी. चुना किंवा कांदा चोळण्यात वेळ घालवू नये. ओठ किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, अंगभर गांधी उठणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक डंख झाले असतील तर माणूस बरा दिसत असला तरी रुग्णालयात न्यावे, कारण अशा दंशांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

काम दिवेलागणीनंतर पूर्ण अंधार पडल्यावर करावे, कारण तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर स्वस्थ बसलेल्या असतात. त्याआधी मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्यावे, खिडक्या लावाव्यात, पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे, बूट आणि चष्मा घालावा, मान व कान ओढणीने झाकावेत. विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधावा, कारण या माश्यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. एक लिटर पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन मोठे चमचे मिसळून लांब धार मारणाऱ्या पंपाने पोळे चिंब भिजवावे. साबणाचे पाणी माश्यांच्या श्वसनछिद्रांत शिरते आणि त्या गुदमरतात. पोळ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये, शिडीवर तर मुळीच चढू नये, आणि पळण्याची वाट आधीच मोकळी ठेवावी.

पोळे लगेच काढू नये. रात्री बाहेर राहिलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी त्या जागी घिरट्या घालतात, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी हालचाल थांबल्याची खात्री करून लांब काठीने पोळे पाडावे, पिशवीत बांधून टाकावे आणि फांदीवर उरलेला देठही खरवडून काढावा.