आयर्लंडची खानेसुमारी: १९०१ आणि १९११चे गावकागद कसे वाचायचे

मराठीत जनगणनेला दोन जुने शब्द आहेत. शिरगणतीत डोकी मोजायची, खानेसुमारीत घरं. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११च्या जनगणनेत ही दोन्ही कामं वेगवेगळ्या कागदांवर झाली, आणि ते कागद भरणारे हातही बहुधा वेगळे होते. माणसांचा तक्ता, म्हणजे 'फॉर्म ए', कुटुंबप्रमुखाने भरायचा. घरांचा 'बी१' आणि गोठे-कोठारांचा 'बी२' खेड्यापाड्यांत पोलीस शिपायाने दारोदार फिरून भरायचा. म्हणून कुठलीही नोंद खरी मानण्याआधी ती कोणी लिहिली ते बघा. वय घरच्यांनी सांगितलेलं असतं, खिडक्या शिपायाने मोजलेल्या असतात.

या दोन्ही वर्षांचे मूळ कागद आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मोजणीच्या रात्री होत्या ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११. त्या रात्री घरात झोपलेल्या माणसाची नोंद त्या घरात झाली. पाहुणी आलेली मेहुणी तक्त्यात दिसते, आणि दुसऱ्या गावी मुक्कामाला गेलेला मुलगा तिकडच्या तक्त्यात सापडतो.

आधी जागा

पहिली अडचण पॅरिशची. पॅरिश म्हणजे काही वस्त्या मिळून झालेला विभाग. तिथे तो दोन प्रकारचा: सरकारी कारभारासाठीचा सिव्हिल पॅरिश आणि कॅथलिक चर्चचा पॅरिश. नाव एक असलं तरी हद्दी पुष्कळदा जुळत नाहीत. त्यातून जनगणनेचे हे कागद पॅरिशवार लावलेलेच नाहीत. उतरंड अशी: काउंटी (जिल्हा), मग डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजन (स्थानिक निवडणुकीचा विभाग), मग टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारखी जमिनीची ठरलेली हद्द. कुठे त्यात पन्नास घरं, कुठे एकही नाही.

पॅरिश हवा असेल तर 'लॉगइन्म' (logainm.ie) या आयरिश स्थलनामांच्या डेटाबेसवर त्या सिव्हिल पॅरिशमधल्या सगळ्या टाउनलँडांची यादी काढा. प्रत्येकासमोर त्याचा डिव्हिजन लिहा आणि एकेक टाउनलँड उघडत जा. एका पॅरिशचे तुकडे तीन-चार डिव्हिजनांत विखुरलेले निघतात, त्यामुळे एकच डिव्हिजन बघून 'पॅरिश झाला' म्हणू नका.

नावाने शोधताना आडनावातला 'ओ' किंवा 'मॅक' गाळून बघा. ब्रिजेट नावाची बाई दुसऱ्या तक्त्यात डीलिया किंवा बिडी असू शकते. तरी हाती लागलं नाही, तर आडनाव रिकामं सोडा आणि टाउनलँडमधली घरं ओळीने चाळा. दहा-वीस घरांच्या वस्तीत हाच रस्ता जवळचा.

बी१ : घराची प्रत, म्हणजे दर्जा

नवखे लोक 'ए' वाचून थांबतात. घराची हकीकत मात्र बी१मध्ये असते आणि तिथे आकडे चुकीचे वाचले जातात. भिंतींच्या रकान्यातला १ म्हणजे एक भिंत नव्हे. ते गुण आहेत. दगड, वीट किंवा काँक्रीट असेल तर १, माती किंवा लाकूड असेल तर ०. छपराला पाटीचा दगड, पत्रा किंवा कौलं असली तर १, गवताने शाकारलेलं असेल तर ०. खोल्यांचे गुण टप्प्यांनी: एका खोलीला १, दोन ते चार खोल्यांना २, पाच-सहांना ३, सात ते नऊंना ४, दहा ते बारांना ५, तेरा किंवा जास्त असतील तर ६. दर्शनी बाजूच्या खिडक्या मात्र जितक्या तितके गुण.

बेरीज १ किंवा २ आली तर घर चौथ्या प्रतीचं. ३ ते ५ तिसऱ्या, ६ ते ११ दुसऱ्या, १२ आणि पुढे पहिल्या प्रतीचं.

एक घर मांडून बघू. दगडी भिंती १, गवताचं छप्पर ०, तीन खोल्या म्हणजे २, समोर दोन खिडक्या म्हणजे २. बेरीज ५, प्रत तिसरी. समोर आणखी एक खिडकी पाडली की बेरीज ६ आणि तेच घर दुसऱ्या प्रतीत. १९०१ची तिसरी प्रत १९११त दुसरी झालेली दिसली की घरात पैसा आला असं लिहून मोकळं होऊ नका. आधी कुठला रकाना बदलला ते तपासा. बेरीज स्वतः करा, कारण शिपाईही कधीकधी चुकलेला असतो.

बी१चा शेवटचा रकाना सहसा कोणी वाचत नाही. घर ज्याच्या कब्जातल्या जमिनीवर आहे त्याचं नाव तिथे असतं. ते कुटुंबप्रमुखाच्या नावापेक्षा वेगळं निघालं, तर घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, बहुधा मजुराचं. रिकामी घरंही फक्त बी१मध्येच सापडतात, कारण त्यांचा 'ए' तयारच होत नाही. बी२ जोडीला ठेवा: गोठा, तबेला, डुकरांचं खुराडं, कोठार यांची संख्या त्यात आहे.

दोन वर्षं जुळवताना

घर क्रमांक हा पत्ता नव्हे. शिपाई ज्या क्रमाने फिरला तो हा क्रम, म्हणून १९०१चं ७ नंबरचं घर १९११त ३ किंवा १२ असू शकतं. शेजारची आडनावं, जमीनधारकाचं नाव आणि भिंती-छपराचे गुण, तिन्ही जुळले तरच तेच घर म्हणा.

वयाचं गणित दहा वर्षांत दहाने वाढेल ही अपेक्षा सोडा. १९०८च्या कायद्याने ७० वर्षांवरच्या गरिबांना जानेवारी १९०९पासून पेन्शन सुरू झालं. सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४पासूनची, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे दाखला नव्हता आणि पेन्शनसाठी वय वाढवून सांगता यायचं. १९०१त ५६ वर्षांचा माणूस १९११त ७१चा झाला तर नवल नाही.

१९११त विवाहित बायकांसाठी लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती, हे रकाने वाढले. विधवांनी ते भरायचे नव्हते, पण अनेकींनी भरले आणि नंतर त्यावर काट मारली गेली. मूळ चित्र मोठं करून बघा. काट मारलेले आकडे बहुतेक वेळा वाचता येतात.

१९०१च्या मागे जायचं तर

१८२१ ते १८५१चे बहुतेक तक्ते १९२२त डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या अभिलेखागाराच्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१चे सरकारने आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. नावं गेली, बेरजा मात्र छापलेल्या अहवालांत राहिल्या. १८५१च्या खंडांत पॅरिश आणि टाउनलँडवार क्षेत्रफळ, तसंच १८४१ आणि १८५१ची घरं आणि माणसं शेजारी शेजारी दिली आहेत. मोठ्या दुष्काळाआधीचं (१८४५मध्ये बटाट्याच्या रोगाने सुरू झालेल्या) आणि नंतरचं गाव एकाच ओळीत दिसतं. देशभरात चौथ्या प्रतीची घरं या दहा वर्षांत सुमारे ४.९१ लाखांवरून १.३६ लाखांवर आली.

या ओळी वाचताना एक खोच लक्षात ठेवा. आजूबाजूची गावं ओस पडत असताना एखाद्या टाउनलँडची लोकसंख्या अचानक शेकड्यांनी फुगलेली दिसली, तर त्याच्या हद्दीत वर्कहाउस (निराधारांना ठेवायची सरकारी संस्था) आहे का ते तळटिपेत आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशावर बघा. तिथे आसऱ्याला आलेली माणसं त्याच टाउनलँडच्या नावावर मोजली गेली आहेत. पॅरिशची बेरीज करताना ती वेगळी काढा.